रखडलेली सर्व्हिसिंग, दोन दिवस आणि मधली जेवणं

प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची पेट्रोल गाडी, पावणेदोन वर्षांत एकदाही सर्व्हिसिंग झालेली नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही, सकाळी स्टार्टर जड फिरतो, ब्रेक मारला की पुढून कुईकुई आवाज येतो. शनिवार-रविवार मोकळे आहेत, हाताशी धाकटा भाऊ आहे, आणि स्वयंपाकात वेळ न घालवता जवळपास कुठे साधं काही खाऊन परत कामाला लागायचं असा बेत आहे. दोन दिवसांत काय काय होईल आणि सुरुवात कुठून करायची?

मी सत्तावीस वर्षं गाड्यांखाली काढली आहेत, म्हणून आधीच सांगतो: सगळं होणार नाही, आणि सगळं करायला जाऊही नका. तुंबलेलं काम बघून घाई सुटते, एका वेळी चार गोष्टी उघडल्या जातात, आणि रविवारी रात्री गाडी वर उचललेली, अर्धे नट डब्यात आणि एक पार्ट आणायचा राहिलेला. अशा गाड्या सोमवारी ओढून आमच्याकडे आणाव्या लागतात. तुम्ही जेवणाचं सहज म्हणून लिहिलंय, पण मला त्याचाच आधार घ्यावासा वाटतो. काही कामं इंजिन गार असतानाच होतात, काही कोमट असताना, आणि काही काम नीट झालं की नाही ते गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. ही कामं दोन दिवसांच्या जेवणांभोवती बसवा. ज्या खाण्याला गाडीने जायचं, त्याआधी गाडी चारही चाकांवर आणि पूर्ण जोडलेली हवी. तेवढ्या वेळात बंद होणार नाही ते उघडायचंच नाही.

शनिवारी उठल्या उठल्या चावी लावू नका. रात्रभर उभी राहिलेली गाडी बरंच काही सांगते आणि इंजिन सुरू केलं की त्यातलं निम्मं पुसलं जातं. आदल्या रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळा डाग असेल तर ऑइल, हिरवा-गुलाबी-निळा पातळ डाग असेल तर बहुधा कूलंट, आणि एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बोटाला निसरडा लागणारा ओलावा असेल तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं दिसलं तर गाडी हलवायचीच नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं.

मग ऑइलची पट्टी. काढा, पुसा, परत घाला, पुन्हा काढा. खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एका लिटरचं असतं, त्यामुळे किती कमी आहे त्याचा अंदाज लगेच येतो. ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, काळं होणं हे त्याचं कामच आहे. ते दुधाळ, पिवळट, फेसासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी आहे. फक्त छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत भरण्याच्या झाकणाखाली थोडा असा थर साचतो, तेवढं चालतं. पट्टीवरही तसंच आणि कूलंटची टाकी रिकामी होत असेल, तर इंजिनाच्या आत गळती असण्याची शक्यता आहे आणि तुमचा दोन दिवसांचा बेत तिथेच बदलतो.

कूलंट याच वेळी बघायचं, गार असताना. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते क्षणात उकळून तोंडावर येतं. मी असे भाजलेले हात पाहिले आहेत. कमी असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच घाला. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं समजू नका, रंग कंपन्या आपापल्या मनाने देतात. आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जीवघेणं ठरतं.

टायरची हवा गारच मोजायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. नक्षीच्या खोबणीत आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. झीज कुठे आहे तेही बघा: मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी, एकाच कडेला म्हणजे बहुधा अलाइनमेंट (चाकांचे कोन) गेलेलं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. आठ वर्षांच्या गाडीवर मूळचे टायर असतील तर नक्षी कितीही दिसो, बाजूच्या रबराला बारीक भेगा शोधा. स्टेपनीचीही हवा मोजा, ती सगळ्यांचीच विसरलेली असते.

आता तुमचा जड स्टार्टर. मल्टिमीटर असेल तर इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सुरू केल्यावर आकडा १३.८ ते १४.७ च्या दरम्यान जायला हवा, तसा गेला तर अल्टरनेटर चार्ज करतोय. पण बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल उघडून बघा. पांढरी-हिरवी बुरशी साचून पकड सैल झालेली असली की स्टार्टर असाच जड फिरतो. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि बॅटरीवर साचणाऱ्या हायड्रोजनला तेवढी ठिणगी पुरते. बुरशीवर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओता, फेस थांबेपर्यंत घासा, धुवा, कोरडं करा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि आठ-दहा वेळा तरी मी त्यावर लोकांची नवी बॅटरी वाचवली आहे. तुमची पाच वर्षांपेक्षा जुनी असेल आणि सकाळी १२.२ च्या खाली असेल, तर एकदा पूर्ण चार्ज करून तपासा. तेव्हाही टिकत नसेल तर ती गेली.

सकाळच्या खाण्याला निघण्याआधी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ब्रेक. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारा. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, आणि ब्रेक मारला की तिला दाबून धरतो तो पॅड. त्या पॅडची जाडी बाहेरून दिसते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनच्या खाली आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून कुईकुई करते. म्हणजे तुमचा आवाज बहुधा वेळेवर मिळालेला इशारा आहे. त्याऐवजी खरखर येत असेल, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, किंवा पेडल खोल जात असेल, तर खायला चालत जा. गाडी बाहेर काढू नका.

सगळं ठीक दिसलं तर गाडी घेऊन निघा, आठ-दहा किलोमीटर फिरून या, खा आणि येताना सामान घेऊन या: पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल खाली उतरवायचं तो) नवा वायसर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपरची रबरं, नायट्राइलचे हातमोजे. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच आणा. गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल टाकण्याचा सल्ला दुकानात हमखास मिळेल, तो ऐकू नका. नव्या इंजिनांच्या आतल्या वाटा बारीक असतात, गार असताना जाड ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही. फेरीवरून आल्यावर ऑइल पातळ झालेलं असतं आणि तळाची घाण त्यात मिसळलेली असते, म्हणून ते छान उतरतं. पण लगेच बोल्ट उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, तोवर सामान लावून घ्या.

गाडी उचलण्याबद्दल मी कितीदा सांगितलं तरी मला कमीच वाटतं. सपाट, टणक जमीन. हँडब्रेक, गिअरमध्ये, न उचलणाऱ्या चाकांना पुढून-मागून गुटके. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी पेलायची ती स्टँडने, आणि स्टँडही पुस्तकात दाखवलेल्या जागेवरच. स्टँडवर टेकवल्यावर हाताने जोरात ढकलून बघा. हलली तर ती तुमच्यावर पडण्याआधी हलली, परत नीट लावा. विटा, लाकडाचे ओंडके, नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली डोकंही घालायचं नाही. आणि खाली असताना भावाने तिथेच थांबायचं. मदतनीस असण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, पाना हातात देणं नंतर. इंजिन चालू करायचं ते उघड्या हवेत, बंद खोलीत कधीच नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ड्रेन बोल्ट उघडताना शेवटचे आटे हाताने, बोल्ट वर दाबून ठेवत फिरवा, म्हणजे तो डब्यात पडत नाही. इतके दिवस साचलेलं ऑइल आहे, तर ते घाईने उतरवू नका. मी अशा गाडीला तासभर देतो, आणि तो तास म्हणजे दुपारचं जेवण. या जेवणाला चालत जा किंवा कुणाला तरी आणायला सांगा. निघण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'ऑइल नाही' लिहा आणि तो स्टिअरिंगला चिकटवा. चावी स्वतःच्या खिशात ठेवा. सुरुवातीच्या वर्षांत मी जेवून आलो, जोडीदाराने ऑइल भरलं असेल असं धरून चाललो आणि इंजिन सुरू केलं. दिवा दिसताच बंद केलं, इंजिन वाचलं. पण ते चार सेकंद मी विसरलेलो नाही, आणि त्या दिवसापासून कागदाशिवाय एकही गाडी रिकामी सोडलेली नाही.

जेवणाआधी हात. पेट्रोल इंजिनाच्या वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून तयार झालेली घातक संयुगं साचतात, आणि वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर त्यातून कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एका दिवसाने काही होत नाही, पण नखांत राहिलेलं ऑइल घासाबरोबर पोटात घालायची गरज नाही. पेट्रोलने किंवा थिनरने हात धुऊ नका, त्याने कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं आणि घाण आणखी आत शिरते. चमचाभर खाद्यतेल कोरड्या हातावर चोळा, काळं सुटून येतं, मग साबण आणि नखांना ब्रश. कामाचा शर्ट बदलून बसा. मी हे सगळ्या शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

जेवून आल्यावर नवा वायसर घालून बोल्ट बसवा. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आटे मऊ असतात, जोर काढायची ही जागा नव्हे. पुस्तकातला टॉर्क, म्हणजे कसण्याचा ठरलेला जोर, बघा आणि तेवढाच कसा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रिंगांमधून सगळं ऑइल काही मिनिटांत बाहेर येतं, आणि ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. नव्या रिंगला नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या, पुढे साधारण पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. तुमच्या गाडीत फिल्टर डबीत बसणाऱ्या कागदी प्रकारचा असेल, तर त्याच्या झाकणाची रिंग बदला आणि झाकण त्यावर लिहिलेल्या टॉर्कने कसा.

पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा, बोल्टभोवती आणि फिल्टरभोवती टॉर्च मारून बघा. गाडी खाली, सपाट जमिनीवर घ्या, दहा मिनिटं थांबा आणि मग पट्टी बघत बघत उरलेलं भरा. वरच्या खुणेच्या वर नको. जास्त ऑइल क्रँकशाफ्टने, म्हणजे इंजिनाच्या आत फिरणाऱ्या मुख्य दांड्याने, घुसळलं जाऊन त्याचा फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला आधार मिळत नाही.

इंजिन फ्लशची बाटली दुकानदार पुढे करेल. कमी चाललेल्या, वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत तिने फारसं बिघडत नाही. तुमच्यासारख्या थांबून राहिलेल्या गाडीत मी ती टाकत नाही. आत चिकटलेला गाळ एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो आणि ऑइलचा दाबच जातो. त्यापेक्षा आता भरलेलं ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावर पुन्हा बदला. गाळ हळूहळू विरघळून फिल्टरमध्ये येतो. जुनं ऑइल बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत एक थेंबही नाही.

एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर ही कामं अर्ध्या तासात होतात, त्यांवर लिहिण्यासारखं फार नाही. एसीच्या फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तेवढा जुळवा. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बदलत असाल तर काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलामुळे ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

शनिवारचं रात्रीचं जेवण ही तुमची चाचणी आहे. पाच-सहा किलोमीटरवर कुठेतरी जा आणि गाडी उजेडात, कोरड्या जागी उभी करा. जेवून बाहेर आल्यावर आत बसण्याआधी खाली वाकून बघा. इंजिन तापल्यावर, थांबल्यावर जी गळती होते ती नेमकी या अर्ध्या-पाऊण तासात दिसते. एसीचं स्वच्छ पाणी टपकलेलं असेल तर ते बोटाने बघून सोडून द्या. घरी पोचून पट्टी परत एकदा बघा, पातळी किंचित उतरलेली असू शकते.

रविवार ब्रेकसाठी ठेवा, पूर्ण दिवस, आणि गार चाकांनी सुरुवात करा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग उचला. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या. काही कुठे बसत होतं ते आठवलं नाही तर तिकडे जाऊन बघता येतं. दोन्ही बाजूंचे, आतले-बाहेरचे चारही पॅड मोजा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना बहुधा जाम झाल्या आहेत. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड टाकले तर तेही तसेच झिजतील. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली गेलेली डिस्क बदलायची.

तुम्ही याआधी कधी पॅड बदलले नसतील, तर माझं स्पष्ट मत असं की या वेळी फक्त उघडा, मोजा, फोटो काढा, बंद करा आणि बदलायचं काम माहीतगार माणसाशेजारी उभं राहून शिका. ऑइल बदलताना चुकलं तर इंजिन जातं, इथे माणूस जाऊ शकतो. अनुभव असेल तर पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीत बघा. पॅड झिजले की तिथली पातळी आपोआप उतरते. मधे कुणी ती भरून ठेवली असेल तर पिस्टन मागे जाताना ती वाहून येते आणि रंग खाते. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. चाकाचे नट समोरासमोरचे आलटून पालटून, शेवटचं कसणं गाडी जमिनीवर असताना. आणि इंजिन सुरू केल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिली एक-दोन दाबणी थेट तळाला जातात. हे विसरून गाडी भिंतीवर गेलेली मी पाहिली आहे.

रविवारचं दुपारचं जेवण त्यामुळे उशिरा होईल, होऊ द्या. ब्रेक अर्धवट सोडून जेवायला उठू नका, आणि भुकेल्या पोटी घाईही करू नका. सकाळी पोटभर खाऊन बसा. ब्रेक झाल्यावर जेवायला जाता जाता मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून सावकाश वेग कमी करण्याचे दहा-पंधरा प्रयोग करा, मधे थोडं गार होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला तेवढं लागतं.

ब्रेक ऑइल बदलणं मात्र गॅरेजवर सोडा. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शिरलं की उकळबिंदू घसरतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ लाही. घाटउतारावर पेडल मऊ पडतं ते यामुळे. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि तुमचं झालं असेल असं दिसत नाही. काही एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो. गिअरबॉक्सचं ऑइल, एसीचा गॅस, अलाइनमेंट हेही तिथेच.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडझाप करवणारा पट्टा. तुमच्या इंजिनाला चेन आहे की बेल्ट ते पुस्तकात बघा. बेल्ट असेल तर तो किलोमीटरबरोबर वर्षांनीही संपतो, गाडी कमी चालली तरी रबर जुनं होतच असतं. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि त्याआधी तो काही आवाज करेलच असं नाही. पुस्तकातली मुदत उलटली असेल तर लांबचा प्रवास करू नका.

सोमवारी सकाळी पुठ्ठा आणि ऑइलची पट्टी पुन्हा बघा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट परत एकदा कसा. तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते बोनेटखाली किंवा पुस्तकात लिहून ठेवा. बेल्टची मुदत संपलेली निघाली तर गॅरेजची वेळ त्याच दिवशी घ्या, अलाइनमेंट आणि एसी पुढच्या महिन्यात केले तरी चालतील.